दुसरी यादी

लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. अंधेरीला मरोळच्या बाजूला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मोठ्या कंपन्या माणूस निवडतात, त्याला ऑफर लेटर देतात आणि मग त्याची कागदपत्रं आमच्याकडे पाठवून देतात. हा खरंच तिथे शिकला का, ते विद्यापीठ खरं आहे का, असलं तर त्याला मान्यता आहे का, हे आम्ही शोधतो आणि फाइलला रंग देतो. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे समोरून उत्तर आलं नाही. लाल म्हणजे घोटाळा. बारा वर्षं मी हेच करतेय, आणि आता लग्नपत्रिकेवर नावापुढे डिग्री छापलेली दिसली तरी माझी नजर आधी तिथे जाते.

नोकरी देणारे डिग्रीकडे कसं बघतात, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते की ते बघतच नाहीत. ते रंग बघतात. मुलाखतीत ते माणसाला कामाचं विचारतात, तो बोलतो कसा, टिकेल का, हे जोखतात आणि मनातून ठरवून टाकतात. डिग्री त्यांच्या लेखी पुढे कधी कुणी जाब विचारलाच तर दाखवायचा कागद असतो. काही कंपन्यांना कॉलेजला श्रेणी कुठली मिळाली तेही लागतं. त्या कॉलेजात ग्रंथालयाला टाळं असतं की प्राध्यापक वर्गावर येतात, हे मात्र आजवर एकाही कंपनीने आम्हाला विचारलेलं नाही.

माझी स्वतःची डिग्री अगदी हिरवीगार आहे. उपनगरातलं बऱ्यापैकी कॉलेज, मुंबईचं विद्यापीठ, कुठल्याही यादीत टाका, बसते. ती मी गाईडं वाचून काढली. परीक्षेआधी पंधरा दिवस, त्यातले पाच झोपेत. तीन वर्षांत मी काय शिकले, असं कुणी विचारलं असतं तर वाट लागली असती. पण तसं कुणी विचारत नाही.

माझी धाकटी बहीण खरोखर शिकली, आणि तिची डिग्री लाल आहे. मला सांगायचं आहे ते तेवढंच, पण ते सांगताना माझं नाव मध्ये येतं, म्हणून इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं घर चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरांच्या ओळीत. बाबा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरणी गेली तशी लालबागची खोली गेली आणि आम्ही इथे आलो. साच्यांच्या आवाजाने बाबांचे कान गेले ते मात्र तिथेच राहिले, असं आई म्हणायची. आता त्यांच्याशी बोलायचं तर कानाजवळ वाकून, एकेक शब्द सुटा करून बोलावं लागतं. चारचौघांत ते नुसते हसून मान हलवतात, आणि लोकांना वाटतं त्यांना सगळं कळलं.

बहीण बारावी झाली आणि कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला गेली, त्याच वर्षी आईला लकवा झाला. घरी कुणीतरी हवं होतं. मी नुकतीच एका दुसऱ्या ऑफिसात नोकरीला लागले होते, बाबा एका सोसायटीत वॉचमन होते. कुणीही तिला सांगितलं नाही की तू कॉलेज सोड. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि एके दिवशी तिने जाणं बंद केलं. मी तेव्हा गप्प बसले ते मला सोयीचं होतं म्हणून, यात आता आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही.

आई तीन वर्षांनी गेली. बहीण चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागली. औषधांच्या बाटल्यांची बुचं बनवणारा कारखाना. ती पॅकिंगला लागली होती. सहा महिन्यांत शेठने तिला डिस्पॅचला घेतलं, कारण कुठल्या कंपनीची किती खोकी कुठल्या गाडीत गेली ते तिला वही न उघडता सांगता यायचं. तिथेच तिला एकीने सांगितलं की मार्केटमध्ये झेरॉक्सच्या दुकानावर एक स्टडी सेंटर आहे, नोकरी सांभाळून बी.कॉम. करता येतं. विद्यापीठ परराज्यातलं, पण पुस्तकं घरपोच येतात आणि परीक्षा इथेच कांदिवलीत होते.

एका रविवारी ती माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे बोरिवलीला आली. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"ताई, तू बघ ना हे. तुझं कामच आहे. खोटं असलं तर नको मला."

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. या नोकरीत नवी होते, अंगात हुशारी मावत नव्हती. मान्यताप्राप्त विद्यापीठांची सरकारी यादी काढली, नाव शोधलं. नाव होतं. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि म्हटलं, "हे बघ. आहे यादीत. बिनधास्त भर फॉर्म."

तिने त्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे पक्कं ना?"

मी म्हटलं, "अगं, कंपन्यांना आम्ही हेच बघून सांगतो."

आणि ते खरंच होतं. त्या काळात आमच्या ऑफिसात सगळे एवढंच बघायचे. विद्यापीठ यादीत आहे, विद्यापीठाने कळवलं की हो, हा आमचा विद्यार्थी, की हिरवा. दुसरी यादी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, किंवा असेल माहीत, पण उघडायची कुणाला गरज पडली नव्हती.

बहीण तीन वर्षं शिकली. शिकली म्हणजे मी शिकले तसं नाही. सकाळी कारखान्यात जायच्या आधी ओट्याशी पुस्तक उघडं, भाकऱ्या थापता थापता वाचायची, त्यामुळे तिच्या पुस्तकांच्या पानांना पीठ लागलेलं असायचं. जे पुस्तकात कळलं नाही ते शेठच्या सीएला विचारायची. तो माणूस तापट, पण हिला बसवून शिकवायचा. स्टडी सेंटरवाल्याने एकदा सांगितलं की प्रश्न आधी मिळतील, तर ही त्याच्याशी भांडून आली. मला म्हणाली, "मग मी कशाला वाचतेय यार? गंमत म्हणून?"

ती तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या ऑफिसात एक फाइल परत आली. एका मुलाला आम्ही हिरवा दिला होता आणि कंपनीच्या ऑडिटमध्ये तो अडकला. विद्यापीठ खरं होतं, मुलगा खरा होता, पण त्या विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर केंद्र चालवायची परवानगी नव्हती. म्हणजे त्याच विद्यापीठाच्या गावात बसून केलं असतं तर चाललं असतं, मुंबईत बसून केलं ते शून्य. साहेबांनी सगळ्यांना उभं करून झापलं आणि त्या दिवसापासून दुसरी यादी सुरू झाली. कुठल्या विद्यापीठाला कुठला अभ्यासक्रम कुठल्या हद्दीत शिकवता येतो, ती यादी.

मी जागेवर जाऊन बसले आणि पहिलं नाव शोधलं ते बहिणीच्या विद्यापीठाचं. हद्द त्यांच्या राज्यापुरतीच होती.

तिची शेवटची परीक्षा तेव्हा दीड महिन्यावर होती. मी ठरवलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. मी स्वतःला असंही सांगितलं की नियम बदलतील, सवलत मिळेल, एवढ्या मुलांचं नुकसान सरकार थोडंच करणार आहे. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी सुट्टी टाकली, तिच्यासाठी डबा केला आणि तिला रिक्षाने कांदिवलीच्या हॉलपर्यंत सोडायला गेले. ती आत गेली आणि मी बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. बाहेर बाकीच्या मुलांचे आईबाप बसले होते. एका बाईने मला विचारलं, "तुमची कोण?" मी म्हटलं, धाकटी. ती म्हणाली, नशीबवान आहे हो, मोठी बहीण बसून राहते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले.

ती पहिल्या वर्गात पास झाली. मी सांगितलं नाही.

आमच्या गावच्या मंडळात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार असतो. मंडळ म्हणजे गावातून मुंबईला आलेल्यांची कमिटी. पूजा, गावच्या देवळाचं काम, कुणाच्या मयताला धावून जाणं, आणि वर्षातून एकदा चारकोपच्या हॉलमध्ये हा सत्कार. दहावी-बारावीच्या पोरांना कंपासपेटी, आणि कुणी पदवीधर झालं तर शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण. त्या वर्षी पदवीधर एकच होती. अध्यक्ष म्हणाले, आईचं दुखणं काढून, नोकरी करून ही मुलगी शिकली, आपल्या सगळ्या मुलींनी हिच्याकडे बघावं. बाबांना स्टेजवर बोलावलं. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नसणार, पण ते रडले. मी खाली दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

पुढच्या दोन वर्षांत गावच्या आमच्या वाडीतून इथे आलेल्या घरांतल्या तीन मुलींनी त्याच झेरॉक्सच्या दुकानावर नाव घातलं. त्यांना कुठलीही यादी बघायची गरज वाटली नाही. मंडळाने शाल दिली होती, यापेक्षा मोठी मान्यता कुठली?

बाबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट कुठे चालत नाही, मूळ कागदावर शिक्का बघावा लागतो, हे मला माहीत असून मी त्यांना काही बोलले नाही. तसाही तो कागद कुठे चालणार होता? त्यांनी तो देवांच्या शेजारी लावला. दर शनिवारी देव पुसून झाले की ते त्याच फडक्याने डिग्रीही पुसतात.

डिग्रीनंतरही बहीण आठ वर्षं बुचांच्या कारखान्यातच राहिली. डिस्पॅच, स्टोअर, गाड्या, सगळं तिच्या हातात. शेठने तिची डिग्री कधी मागितली नाही, त्यामुळे मला वाटायला लागलं की हे असंच निभावून जाईल. मग शेठने कारखाना वापीला न्यायचं ठरवलं. जागेला चांगला भाव आला असावा. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, ज्यांना यायचं त्यांनी या. बाबांना सोडून ती कशी जाणार होती?

तीन महिने ती नोकरी शोधत होती. मग अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीच्या गोदाम विभागात तिची निवड झाली. तीन मुलाखती झाल्या. शेवटच्या मुलाखतीत तिथल्या साहेबांनी तिला एक अडकलेला घोळ दिला, चार गाड्या, नऊ ठिकाणं, वेळ कमी, आणि विचारलं काय कराल. तिने तिथल्या तिथे कागदावर मांडून दिलं. ते म्हणाले, आमच्या माणसाला हे अर्धा दिवस जमत नव्हतं. घरी येऊन तिने हे मला दोनदा सांगितलं.

ऑफर लेटरवर मी कंपनीचं नाव वाचलं. ती कंपनी आमची क्लायंट होती. फाइल आमच्या मजल्यावर येणार होती.

लेटरबरोबर माहितीचा फॉर्म होता. तो भरायला ती माझ्याकडेच बोरिवलीला आली. डायनिंग टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो होतो, मध्ये पोह्यांची ताटली. नाव, पत्ता, अनुभव भरून झालं. मग 'उच्चतम शिक्षण' असा रकाना आला. तिने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बी.कॉम. लिहू ना?"

एवढं सरळ तिने विचारलं होतं. आठ वर्षं मी जी वेळ शोधत होते ती पोह्यांच्या ताटलीशेजारी येऊन बसली होती. मी म्हटलं, "लिही ना. पोहे गार होतायत."

तिने वळणदार अक्षरात लिहिलं, विद्यापीठाचं नाव, पहिला वर्ग. खाली सही केली की वरील सर्व माहिती खरी आहे.

दोन दिवसांनी मला राहवेना. त्या कंपनीच्या एचआरमधली एक बाई माझ्या रोजच्या बोलण्यातली आहे. मुलुंडची, मोकळ्या तोंडाची. दुसऱ्या एका फाइलबद्दल बोलता बोलता मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा बाहेरच्या राज्याच्या सेंटरची डिग्री आहे, विद्यापीठ खरं आहे, पोरगी कामाला एक नंबर आहे, तर तुम्ही काय करता?

ती म्हणाली, "काय करणार गं? लाल म्हणजे लाल. आमच्या वरच्यांना फाइल स्वच्छ लागते."

"पण तुम्ही तिला काम बघूनच घेतलंत ना?"

"घेतलं ना. गोदामाला तर डिग्री लागतही नाही. बारावी चालते आम्हाला. उलट तिने बारावी लिहिलं असतं तर डोळे झाकून घेतली असती, पगार थोडा कमी, बास. पण डिग्री लिहिली आणि ती मान्य नाही निघाली, की ती खोटी माहिती होते. खोटं बोलणारा माणूस आम्ही घेत नाही, पुन्हा कधीच नाही. तो कंपनीचा रूलच आहे."

मी विचारलं, "फॉर्म दिल्यावर बदलता येतो?"

"दिल्यावर कसा बदलणार? का, कुणी ओळखीचं आहे का?"

मी म्हटलं, नाही गं, असंच.

तिची फाइल गुरुवारी आली. माझं सासरचं आडनाव वेगळं आहे, त्यामुळे ऑफिसात कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. नात्यातल्या माणसाची फाइल आली तर साहेबांना सांगायचं, असा नियम आहे. मी सांगितलं नाही. ती फाइल मी स्वतः घेऊन पहिली यादी लावून हिरवी करू शकले असते. हातून ते होईल या भीतीने मी ती शेजारच्या टेबलवरच्या मुलीकडे सरकवली. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, तिला सगळं काम मीच शिकवलं. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं की पहिल्या यादीवर कधी थांबायचं नाही, पहिल्या यादीवर फक्त आळशी माणूस थांबतो.

ती थांबली नाही. दहा मिनिटांत तिने खुर्ची वळवली.

"मॅडम, हिची डिग्री हद्दीबाहेरची आहे. लाल करते. बिचारी, मार्क चांगले आहेत." मग म्हणाली, "बघून घ्या आणि ओके द्या ना."

ज्येष्ठ म्हणून माझी मंजुरी लागते. मी बघून घेतलं. काम चोख होतं, काढायला चूक नव्हती. मी ओके दिलं. त्या मुलीने खूश होऊन पाण्याची बाटली भरायला नेली आणि येताना माझीही भरून आणली.

बहिणीला पत्र सोमवारी मिळालं. दिलेली शैक्षणिक माहिती असत्य आढळल्यामुळे ऑफर रद्द. ती तशीच माझ्याकडे आली. रडत नव्हती, भडकली होती.

"ताई, मी खोटारडी आहे म्हणतायत ते. कुठल्यातरी एजन्सीकडून तपासून घेतलं म्हणे. तुझ्या लाइनीतलेच असतील ना? विचार ना त्यांना, कुणी तपासलं? तू बघितलं होतंस ना यादीत, मला दाखवलं होतंस. मी बोट ठेवलं होतं त्याच्यावर."

तेव्हा मी सांगितलं. पहिली यादी, दुसरी यादी, हद्द, शेजारची मुलगी, ओके, सगळं. सांगताना मी ऑफिसात नव्या मुलांना समजावते तशी बोलत होते, आणि ते मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ तिकडेच वळत होती.

"तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी."

"म्हणजे तू डबा करून आणलास, मला सोडायला आलीस, बाहेर बसलीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी बी.कॉम. लिहू का विचारलं, तेव्हा पण."

"हो."

ती उठली आणि चपला घालून गेली. मी गॅलरीतून बघितलं तर ती रिक्षा थांबवत नव्हती, चालतच निघाली होती. बोरिवलीहून चारकोप काही जवळ नाही.

नंतर तिने फोनवर एकच सांगितलं, बाबांना कळता कामा नये. बाबांना तिने सांगितलं की ती कंपनीच बरी नव्हती. महिनाभराने ती चारकोपच्या एका दुकानात काउंटरवर लागली. फॉर्मवर बारावी लिहिलं. तिच्यावरची सुपरवायझर पोरगी पंचवीसची आहे, कॉलेज चांगलं, डिग्री हिरवी. बहीण तिला माल लावायला शिकवते.

माझ्याशी ती बोलते. भाजी काय केलीस, बाबांची गोळी संपली, इतपत. मी शनिवारी जाते तेव्हा चहा करून देते. माफ केलं असं तिने म्हटलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. विचारायला तोंड नाही.

गेल्या शनिवारी मी तिथेच बसले होते. देव पुसून झाले होते, डिग्री पुसून झाली होती. मागच्या ओळीत राहणारी, आमच्याच वाडीतली एक काकी मुलीला घेऊन आली. मुलगी यंदा बारावी झालेली, कारखान्यात जाते. काकीच्या हातात माहितीपत्रक होतं. रंग बदलला होता, झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता तोच होता.

"बरा झाला तू गावलंस," काकी मला आमच्या गावच्या बोलीत म्हणाली. "तू हेतूरच काम करतंस मां? बघून सांग, ह्या बरा असा मां?"

मी पत्रक हातात घेतलं. यादी उघडायची गरजच नव्हती, ते नाव मला पाठ आहे. बहीण आत ओट्याशी चहा गाळत होती आणि बाबा समोर बसून मुलीकडे कौतुकाने बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "काकी, हल्ली नियम जरा बदललेत. दुसरं काही बघितलंत तर..."

"दुसरा कित्याक?" काकीचा चेहरा उतरला. मग तिने देवांच्या शेजारी बोट दाखवलं. "तुझ्या भयणीक तर चलला. तेचो सत्कार केल्यानी मंडळान. मगे आमच्या चेडवाक कसा चलाचा नाय?"

तिला वाटलं, मला दुसऱ्याच्या मुलीचं बरं बघवत नाही. आणि मी बारा वर्षं लोकांच्या डिग्र्या लाल करणारी बाई, गप्प बसून पत्रकाची घडी घालत राहिले.

बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने कप खाली ठेवले आणि काकीसमोर जमिनीवर बसली.

"काकी, माझी डिग्री चालत नाही. कुठेच नाही. अंधेरीच्या कंपनीने लागलेली नोकरी त्याच्यावरूनच रद्द केली, खोटारडी म्हणून. हिला तिथे घालू नका. रेग्युलर कॉलेजला घाला, नाहीतर आपल्या विद्यापीठाचं जे बाहेरून करता येतं ते करा. ताई बघून देईल." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दोन्ही याद्या बघून देईल."

काकीने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या डिग्रीकडे, मग माझ्याकडे. मुलीने मान खाली घातली होती. काकी बारीक आवाजात म्हणाली, "फॉर्म भरलो गो आमी. परवाच. मी नुसता तुमच्या तोंडान आयकाक इल्लंय, बरा असा म्हणान."

कुणी चहाला हात लावला नाही. बाबांना आमचे चेहरे दिसत होते, शब्द पोचत नव्हते. त्यांनी बहिणीचा खांदा हलवला. "काय झाला? ती काय म्हणता?"

बहीण त्यांच्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "काही नाही, बाबा. हिने, कॉलेजचा, फॉर्म, भरला."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी मुलीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं.

"हिच्यासारखा शिक," ते म्हणाले. "आणि डिग्री मेळली की लगेच लॅमिनेशन करून घे. नायतर पावसात बुरशी धरता."

मुलगी हो म्हणाली. बहिणीने गार झालेले कप उचलले आणि आत नेले.